सगळेच ओवळे

गोव्यातल्या मडकईची एक आजी गेली आठ-दहा वर्षं फोंड्याला माझ्या दातांच्या क्लिनिकमध्ये येते. गेल्या पावसाळ्यात तिच्या खालच्या दाढेचं रूट कॅनॉल चालू असताना माझा मोबाइल वाजला. मुलीचा फोन होता. मी उजव्या हाताने तो खिशातून काढला, "मागीर करतां" (नंतर करतो) म्हटलं, परत खिशात टाकला आणि त्याच हाताने ट्रेमधली फाइल, म्हणजे दाताची नळी साफ करायची बारीक सुई, उचलली. आजीने तळहात वर केला, तोंडातली सक्शनची नळी स्वतःच बाहेर काढली आणि विचारलं, "दोतोर, तुमी आतां ओंवळे जाले न्हय?"

हातात मोजे होते. निळे, नायट्राइलचे, दहा मिनिटांपूर्वी बॉक्समधून काढलेले. माझी असिस्टंट हसली, मीही हसलो, मोजे बदलले, फाइलही बदलली. पण पस्तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये माझी चूक इतक्या नेमक्या शब्दांत कोणी सांगितली नव्हती.

आजीच्या घरी चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा, नैवेद्य अजून सोवळ्यात रांधतात. ज्यांनी ते जवळून पाहिलंय त्यांना ठाऊक असेल, रांधणाऱ्या बाईच्या वाटेत पोर आडवं आलं तरी घर डोक्यावर घेतलं जातं. वस्त्र दोरीवर उंच, काठीने वाळत घातलेलं. एकदा शिवलं की शिवलं. "जरासंच लागलं" ही सवलत नाही, परत विहिरीवर जायचं. त्या सोवळ्यामागे माणसांना दूर ठेवण्याचा जो इतिहास आहे त्याचं कौतुक मला करायचं नाही, त्याकडे पुढे येतोच. पण कशाने कशाला स्पर्श केला याचा जो हिशेब ती बाई सकाळपासून मनात ठेवते, तो इन्फेक्शन कंट्रोलच्या वर्गात शिकवावा असा आहे. आम्ही डॉक्टरांनी वस्त्र घेतलं आणि हिशेब सोडून दिला. मोजा चढवला की आपण सोवळ्यात आहोत असं वाटतं, आणि मग लाइटचं हँडल, ड्रॉवरची मूठ, एक्स-रेच्या कॉम्प्युटरचा माऊस, नाकावरून घसरलेला चष्मा, खुर्चीचं बटण आणि परत पेशंटचं तोंड.

पेशंटला मोजे दिसतात, त्यामुळे दातांच्या क्लिनिकची स्वच्छता तो मोज्यांवरून ठरवतो. आम्हालाही ते सोयीचं पडतं. शंभर मोज्यांचा बॉक्स स्वस्त आहे. जे महाग आहे, वेळखाऊ आहे आणि पडद्यामागे होतं, त्याबद्दल तो विचारत नाही आणि आम्ही सांगत नाही. या अबोल्याविरुद्ध हा लेख आहे.

मी १९८० च्या दशकात घाटावरच्या एका कॉलेजात शिकलो. उघड्या हातांनी दात काढले. "बोटाला हिरडी कळली पाहिजे" असं आमचे सर म्हणायचे, आणि मोजे घालून ती कळत नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं. नखांच्या कडेला रक्त वाळायचं. रात्री जेवताना हाताला लवंगतेलाचा वास यायचा. मोजे असत ते ऑपरेशन थिएटरात, तेही धुऊन, भोकं तपासून, पावडर मारून पुन्हा वापरायचे. पुढे १९९० च्या जुलैत फ्लोरिडाची बातमी आली. तिथल्या एका दंतवैद्याला एड्स झाला होता आणि तपासाअंती त्याच्या सहा पेशंटना त्याच्याकडे झालेल्या उपचारांतून एचआयव्हीची लागण झाल्याचा निष्कर्ष निघाला. नेमकी कशी झाली याचा छडा शेवटपर्यंत लागला नाही. पण जगभरच्या दातांच्या डॉक्टरांच्या हातात मोजे आले ते त्या दोन-चार वर्षांत, आणि बरेचसे भीतीपोटी. पेशंटची काळजी हे कारण नंतर चिकटवलेलं आहे. माझ्यापुरतं तरी हे अगदी खरं आहे.

रबरी मोजा जन्मला तोसुद्धा घालणाऱ्याच्या सोयीसाठी. १८८९ च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात हॉलस्टेड नावाच्या सर्जनची नर्स होती, कॅरोलिन हॅम्प्टन. पाऱ्याच्या जंतुनाशकाने तिचे हात सोलवटत होते, म्हणून हॉलस्टेडने गुडइयर कंपनीकडून पातळ मोजे करून घेतले. पुढच्या वर्षी त्याने तिच्याशी लग्न केलं. पेशंटच्या जखमाही त्यामुळे कमी चिघळतात हे लोकांच्या लक्षात यायला आणखी काही वर्षं गेली.

फ्लोरिडाच्या आधी एक वर्ष गोव्यात जे घडलं ते आमच्या पिढीतले डॉक्टर विसरल्यासारखं करतात. १९८९ च्या फेब्रुवारीत पर्राच्या डॉमनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचललं. तो नेमाने रक्तदान करायचा, त्याच रक्तात एचआयव्ही निघाला होता. आमच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळं ठेवण्याची तरतूद घातलेली होती. म्हापशात क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात त्याला पहाऱ्यात ६४ दिवस ठेवलं. त्याची आई हायकोर्टात गेली. सुटल्यावर त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो वारला.

म्हापशाच्या त्या कुलपामागे एक समजूत होती. धोका एका माणसात बसलाय, त्याला बंद केलं की बाकीचा गोवा सोवळा. याच्या दोन वर्षं आधी, १९८७ मध्ये, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने 'युनिव्हर्सल प्रिकॉशन्स' नावाचं जे तत्त्व मांडलं ते बरोबर याच्या उलट होतं. कोणाच्या रक्तात काय आहे हे तुम्हाला कळणार नाही, खुद्द त्यालाही ठाऊक नसेल, तेव्हा प्रत्येकाचं रक्त लागट समजा आणि प्रत्येकासाठी तीच काळजी घ्या. आजीच्या भाषेत, सगळेच ओवळे. मंत्री, पाववाला पोदेर, शाळेतली पोर, चर्चचा पाद्री, मी स्वतः. सोवळ्याची शिस्त ठेवायची आणि त्यातला भेदभाव काढून टाकायचा, असं हे प्रकरण आहे. आपल्याकडे ते रुजायला सोपं जायला हवं होतं. पण आम्ही भेदभाव ठेवला आणि शिस्त सैल केली.

आजही पेशंट 'रिअॅक्टिव्ह', म्हणजे एचआयव्ही पॉझिटिव्ह, निघाला की क्लिनिकमध्ये कुजबुज सुरू होते. दोन-दोन मोजे चढतात. खुर्चीला प्लॅस्टिक गुंडाळलं जातं. नंबर शेवटचा, किंवा सरळ बांबोळीच्या सरकारी इस्पितळाची चिठ्ठी. साधा दात काढायच्या आधी एचआयव्हीची तपासणी करून आणा म्हणणारे आहेत. मीही एके काळी म्हणायचो. एका माणसाला मी तीन वेळा 'पुढच्या आठवड्यात या' सांगितलं होतं, चौथ्यांदा तो आला नाही. त्या माणसासाठी मी जी खास तयारी करणार होतो तिचा अर्थ काय होता? त्याच्या आधी खुर्चीत बसून गेलेल्या सतरा जणांसाठी ती तयारी नव्हती, एवढाच. त्या सतरांतल्या कोणाला हिपॅटायटिस होता का, मी कुठे विचारलं होतं! २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने उपचार नाकारायला बंदी केली, आणि त्याच कायद्याने दवाखान्यांवर आपल्या कामगारांना युनिव्हर्सल प्रिकॉशन्सची साधनं आणि प्रशिक्षण द्यायची जबाबदारी टाकली. पहिला भाग निदान ऐकून तरी माहीत असतो.

कामगार म्हणजे आमच्याकडे कोण? उसगाव-तिस्क नाहीतर शिरोड्याच्या बाजूने बसने येणारी बारावी झालेली मुलगी, जिला आम्ही दोन महिन्यांत सगळं 'शिकवतो'. वापरलेली सुई काढते ती, रक्ताळलेली हत्यारं घासते ती. टोचलेल्या सुईतून एचआयव्ही लागण्याची शक्यता सरासरी हजारात तीन असते. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी लागण्याची शक्यता शंभरात सहापासून तीसपर्यंत जाते. हा विषाणू वाळलेल्या रक्तात, टेबलावर, आठवडाभर जिवंत राहतो. घाबरायचं असेल तर यालाच घाबरा. आणि यावर लस आहे. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस काढल्यापासून तिची किंमत आवाक्यात आली. तीन डोस, सहा महिने. किती डॉक्टरांनी स्वतःच्या खर्चाने आपल्या असिस्टंटला ते दिले असतील? हत्यारं घासायला तिला जाड रबरी मोजे लागतात, भांडी घासायला मिळतात तसले. तिच्या हातात मात्र आमचे उरलेले पातळ मोजे असतात. तपासणीचा पातळ मोजा सुई थांबवत नाही.

आता पडद्यामागे.

तामिळनाडूत तिरुपत्तूर जिल्ह्यात वाणियंबाडी नावाचं गाव आहे. तिथल्या एका दातांच्या क्लिनिकमध्ये उपचार घेतलेल्या दहा जणांना २०२२-२३ मध्ये मेंदूचा दुर्मीळ संसर्ग झाला, त्यांतले आठ दगावले. जंतू मातीत-पाण्यात राहणारा, बर्खोल्डेरिया स्यूडोमॅली. तपासणाऱ्यांचा रोख शेवटी एका सलाइनच्या बाटलीवर आला. हिरडी बाजूला सारायचं हत्यार खुपसून ती बाटली उघडायची, लागेल तेवढं पाणी घ्यायचं, तोंड सैलसर झाकून ठेवायचं, पुढच्या पेशंटला तीच. हे वाचल्यावर मी उठून माझ्या क्लिनिकमधली कपाटं उघडली होती. अशी अर्धी बाटली पाहिली नाही असं सांगणारा दातांचा डॉक्टर मला भेटलेला नाही. त्या डॉक्टरच्या हातात मोजे असले काय, नसले काय, बाटलीला त्याने काय फरक पडणार होता?

एअरोटरचं तसंच. दात कोरताना शिट्टीसारखं वाजतं ते. पायाखालचं पेडल सोडल्यावर फिरता फिरता थांबताना ते क्षणभर उलटं ओढतं आणि समोरची लाळ, रक्त आत घेतं. पुढच्या पेशंटच्या तोंडात चालू केलं की पाण्याबरोबर ते बाहेर. उलटं ओढू नये म्हणून त्यात झडप असते, ती झिजते. बाहेरून स्पिरिटचा बोळा फिरवून आतली नळी स्वच्छ होत नाही. प्रत्येक पेशंटनंतर पाणी सोडून, साफ करून, तेल घालून, पाउचमध्ये सील करून ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, गेलंच पाहिजे. आणि आत पोकळ नळी असल्यामुळे आधी हवा ओढून घेणारा ऑटोक्लेव्ह असेल तर उत्तम, कारण हवा अडकून राहिली तर वाफ तिथवर पोचत नाही. आमच्याकडे बरेच दिवस जो उभा ऑटोक्लेव्ह चालला तो मोठा प्रेशर कुकरच. १२१ अंश, पंधरा पाउंड दाब. वाईट नाही, पण पाउच ओले बाहेर येतात, आणि ओल्या कागदातून जंतू आरामात आत शिरतात.

गणित करून पाहा. सकाळी साडेनऊ ते एक, संध्याकाळी चार ते आठ. दिवसाला अठरा पेशंट आणि तीन एअरोटर. सफाई, तेल, सायकल, वाळवणं, थंड होणं धरून एका खेपेला पाऊण ते एक तास. दुपारची झोप सोडली तरी हे गणित जुळत नाही. जुळवायचं तर एअरोटर आणखी घ्यायला हवेत नाहीतर पेशंट कमी. तिसरा मार्ग स्पिरिटच्या बोळ्याचा, आणि तो कोणाला दिसत नाही. काचेच्या कपाटात जांभळा दिवा लावून हत्यारं मांडून ठेवलेली मात्र सगळ्यांना दिसतात. त्या यूव्हीच्या कपाटात आधीच निर्जंतुक केलेली हत्यारं ठेवावीत एवढाच त्याचा उपयोग. ज्या बाजूवर प्रकाश पडत नाही तिथे ते काही करत नाही. पण वेटिंग रूममधून झळाळतं छान.

किनाऱ्यावर, कांदोळी-कळंगुटकडे प्रॅक्टिस करणारे मित्र सांगतात की थंडीत येणारा परदेशी पेशंट दात दाखवायच्या आधी ऑटोक्लेव्ह कुठला आहे ते विचारतो, पाउच आपल्यासमोर फोडा म्हणतो, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. तेच फोंड्यात कोणी विचारलं तर डॉक्टरच्या कपाळाला आठी. "माझ्यावर विश्वास नाही?" आमच्या माणसालाही विचारताना संकोच वाटतो, कारण डॉक्टर ओळखीचा असतो, शेजारचा असतो, त्याचा भाऊ पंचायतीत असतो. चोनक माशाचे कल्ले वर करून पाहिल्याशिवाय तो बाजारात पैसे देत नाही. इथे मात्र डोळे मिटून तोंड उघडतो.

म्हणतील, खर्च. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. शेजारच्या गल्लीत दातांच्या साफसफाईला अर्धे पैसे घेणारा बसलेला असताना तीनचे आठ एअरोटर करणं तरुण डॉक्टरला परवडत नाही, डोक्यावर खुर्चीचं कर्ज असतं. पण मग तो खर्च बिलावर वेगळा लिहा की. 'हत्यारांचं निर्जंतुकीकरण' अशी ओळ असली की पेशंट विचारेल, हे काय? आणि सांगावं लागेल, दाखवावं लागेल. कोविडमध्ये पीपीई किटचे पैसे आम्ही असेच वेगळे लावले होते, लोकांनी कुरकुरत दिले. जी गोष्ट बिलात नाही ती कामातही हळूहळू नाहीशी होते, हा माझा अनुभव आहे. फुकटच्या शिबिरांचं काय, ते तर बोलायलाच नको. शाळेत दोनशे मुलं आणि वीस आरसे, मध्ये द्रावणाची एक बादली. मी अशी शिबिरं केली आहेत, फोटोही आले होते.

माझा खरा डोळा उघडला तो आणखी वेगळ्या कारणाने. ऑटोक्लेव्ह काम करतो की नाही हे पाउचवरच्या पट्टीचा रंग बदलण्यावरून कळत नाही. पट्टी एवढंच सांगते की पाउच तापलं होतं. जंतू मेले का हे पाहायला चिवटातला चिवट जंतू आत घालावा लागतो. त्याच्या बीजाणूंच्या छोट्या कुप्या मिळतात, आत जांभळं द्रावण. हत्यारांबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये घालायची, मग कुपी दाबून फोडायची आणि एक-दोन दिवस उबेत ठेवायची. जांभळी राहिली तर ठीक. पिवळी झाली तर आत काहीतरी जगलंय. आजीच्या त्या प्रश्नानंतर ईर्षेने मी कुप्यांचा डबा मागवला. पहिल्याच कुपीने दगा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिवळीधमक. पाउचच्या पट्ट्या मात्र सगळ्या नीट रंग बदललेल्या होत्या. दाराचं रबरी गॅस्केट एका बाजूने कडक झालं होतं, असं मेकॅनिकने सांगितलं. कधीपासून? त्याला काय माहीत, मला काय माहीत. दोन दिवस क्लिनिक बंद ठेवलं, 'घरात लग्न आहे' म्हणून पाटी लावली.

त्या पाटीवर खरं कारण का लिहिलं नाही, याचा मी खूप विचार केलाय. लिहिलं असतं तर फोंड्यात संध्याकाळपर्यंत बातमी झाली असती आणि पेशंट गेले असते ते अशा डॉक्टरकडे, ज्याने कुपी कधी लावलीच नाही. जो तपासतो तो पकडला जातो, अशी ही रचना आहे. ती डॉक्टरच्या प्रामाणिकपणावर सोडून चालणार नाही.

गोव्याने २०१९ मध्ये क्लिनिकल आस्थापनांच्या नोंदणीचा स्वतःचा कायदा केला. नोंदणी करा, कागद भरा, तपासनीस येईल तेव्हा ऑटोक्लेव्ह दाखवा. यंत्र आहे का, हे बघितलं जाईल. ते चालतं का, हे बघायला हवं. आणि हे राज्य केवढं? वर पेडणे, खाली काणकोण, मध्ये सगळ्यांना ठाऊक असलेलं एकच सरकारी डेंटल कॉलेज, १९८० मध्ये सुरू झालेलं, आता बांबोळीला. या कॉलेजने महिन्याला एक बीजाणूंची पट्टी प्रत्येक क्लिनिकला पाठवावी. क्लिनिकने ती ऑटोक्लेव्हमधून काढून परत करावी. निकाल फक्त त्या डॉक्टरला आणि नोंदणी करणाऱ्या कार्यालयाला कळावा. पहिल्यांदा नापास झाल्यास दंड नको, दुरुस्ती करून पुन्हा पट्टी. पट्टी पाठवलीच नाही तर मात्र दंड, आणि तोही घसघशीत. टपालखर्चासकट हे महाग काम नाही. कुंडईला वैद्यकीय कचऱ्याचा प्रकल्प आहे, तिथून लाल-पिवळ्या पिशव्या न्यायला गाडी फिरते. मोजे लाल पिशवीत जातात हे ती गाडी यायला लागल्यावर अनेकांना पाठ झालं. दर ठरावीक दिवशी कोणीतरी दारात येणार असलं की माणूस सुधारतो.

तोपर्यंत मी माझ्यापुरतं एक केलंय. वेटिंग रूममध्ये, गणपतीच्या तसबिरीखाली, एक वही टांगली आहे. दर सोमवारची तारीख, कुपीचा रंग, माझी सही. पहिले दोन महिने तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. पोरं तिच्या मागच्या पानांवर चित्रं काढायची.

परवा मडकईची आजी कॅप बसवायला आली. नंबर यायला वेळ होता. चष्मा लावून तिने वही पहिल्या पानापासून वाचली, खुर्चीत बसल्यावर विचारलं, चवथीच्या आदल्या दिवशीचा सोमवार कुठे गेला? मी म्हटलं, आजी, माटोळीच्या सामानाची धावपळ, त्या दिवशी क्लिनिक बंद होतं. तिने मान हलवली आणि तोंड उघडलं.

क्लिनिक दुपारी एकपर्यंत उघडं होतं. सात पेशंट झाले होते.